पिकातील कोळी : छायाचित्राने ओळख व उपयोग

वांगी, भेंडी किंवा वाल यांच्या वाफ्यात पानांवर जाळे दिसले म्हणजे “कोळी पडला” असे म्हणून औषध फवारण्याची घाई केली जाते. परंतु मराठीत कोळी हे एकच नाव दोन अगदी भिन्न जिवांना आहे. लाल कोळी हा पानांतील रस शोषणारा शत्रू होय. तर जाळे विणणारा किंवा हिंडून शिकार करणारा मोठा कोळी हा पिकाचा राखणदार होय. या दोघांची गल्लत झाल्यास खर्च तर वाया जातोच, शिवाय राखणदार मरून किडीला रान मोकळे मिळते.

ओळखीच्या खुणा

लाल कोळी टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतो. तो पानाच्या खालच्या बाजूस कळपाने राहतो. पानावर पांढरट-पिवळे ठिपके पडतात व प्रादुर्भाव वाढल्यावर बारीक जाळी धरते. शिकारी कोळ्याच्या शरीराचे मात्र दोन स्पष्ट भाग दिसतात आणि तो बहुधा एकटा असतो. किडीला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कोळ्याला पंख किंवा मिशा नसतात.

छायाचित्र कसे घ्यावे

आज खेडोपाडी कॅमेरा असलेले मोबाइल आहेत. त्यांचा उपयोग पुढीलप्रमाणे करावा.

१. सकाळी लवकर वाफ्यात जावे. दवाचे थेंब जाळ्यावर असल्याने जाळे सहज दिसते व वाराही कमी असतो.

२. आपली सावली कोळ्यावर पडू देऊ नये. सावली पडताच तो पानाआड जातो.

३. जाळ्यामागे वहीचे गडद पुठ्ठे धरावे. तसे न केल्यास कॅमेरा मागील झाडावर स्थिरावतो व कोळी अस्पष्ट येतो.

४. तीन छायाचित्रे घ्यावीत : एक संपूर्ण झाडाचे, एक कोळ्याचे व एक त्याने धरलेल्या भक्ष्याचे. शेजारी आगकाडी धरून एक जादा छायाचित्र घेतल्यास आकाराचा अंदाज येतो.

५. कोळ्याच्या तोंडचे भक्ष्य ओढू नये, जाळे तोडू नये.

६. तारीख, पीक व वाफा यांची नोंद त्याच वेळी करावी.

जमिनीवर हिंडणारे लांडगा कोळी रात्री शोधावेत. विजेरी डोळ्यांच्या उंचीवर धरल्यास त्यांचे डोळे चमकतात.

छायाचित्रावरून काय समजते

कोळी भक्ष्यात विष टोचून त्यातील रस शोषून घेतो व पोकळ कवच टाकून देतो. म्हणून जाळ्यातील अवशेषांवरूनही वाफ्यात कोणती कीड फिरत आहे हे समजते. तुडतुडे, पांढरी माशी, पंख फुटलेला मावा व लहान पतंग हे जाळ्यात वारंवार आढळतात. मात्र कोळी शत्रू-मित्र असा भेद करीत नाही. फुलावर दबा धरून बसणारा खेकडा कोळी मधमाशीही पकडतो. जे दिसेल तेच नोंदवावे. एका छायाचित्रावरून निष्कर्ष काढू नये. दर आठवड्यास त्याच वाफ्याची नोंद केल्यास कीड वाढते आहे की आटोक्यात आहे, हे कळून येते.

राखणदार गमावल्याचा परिणाम काय होतो, हे आशियातील भातशेतीने दाखवून दिले आहे. वारंवार फवारणीने कोळ्यांसारखे भक्षक मेल्यावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक वाढला. म्हणूनच इंडोनेशियाने १९८६ साली ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला.

कार्यकर्त्यांनी ही छायाचित्रे शेतकऱ्यांच्या बैठकीत दाखवावीत. तुडतुडा तोंडात धरलेला कोळी एकदा नजरेने पाहिला की तोंडी सांगण्याची फारशी गरज उरत नाही. लाल कोळी आढळल्यास शिफारशीप्रमाणे त्याचा बंदोबस्त अवश्य करावा. परंतु पंपात औषध भरण्यापूर्वी पान उलटून पाहावे आणि आपण कोणता कोळी मारीत आहोत, याची खात्री करून घ्यावी.