गव्हाणीतलं बाळ

डिसेंबर लागला की आपल्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लागतात. २५ तारखेला नाताळ. पण आपला सुप्याकडचा मुलूख कोरडा. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो. घरात दुखणं असतं, डोक्यावर देणं असतं. मग माणूस म्हणतो, "देव आम्हाला विसरला. आमचा कसला सण?"

एका नाताळात आम्हीही असेच म्हणत बसलो होतो. घरात आजारपण होते. औषधाला पैसा नव्हता. तेव्हा आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला आणि सावकाश वाचला.

रोमचा बादशहा औगुस्त याने शिरगणतीचा हुकूम काढला. योसेफ आणि मरीया नासरेथहून बेथलेहेमला गेली. मरीयेचे दिवस भरत आले होते. पण हुकूम तो हुकूम! तिथं उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मले. आईने त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. गव्हाण म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

ही बातमी आधी कुणाला कळली? राजाला नाही. रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना कळली.

आता नीट पाहा. त्या रात्रीनंतर योसेफाची अडचण सरली का? नाही. मत्तय सांगतो की, पुढे हेरोद राजाच्या भयाने बाळाला घेऊन मिसर देशात पळावे लागले. म्हणजे, अडचण आली म्हणून देव दूर गेला असे नव्हे. देव अडचणीच्याच घरी आला. आम्हाला त्या वर्षी एवढाच अर्थ लागला. दुखणं लगेच बरं झालं नाही, पण धीर आला.

लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. त्या नगरात राहिलेल्या. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. घर दुभंगले. काही वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक वारले. येशूच्या चरित्रावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. अक्षरे त्या लग्नानंतर शिकल्या. तरी ख्रिस्तायनाचे पुढचे अध्याय त्यांनीच लिहिले. दुःख होतेच. त्या दुःखातच त्यांनी लेखणी धरली.

आपणही काही करू शकतो. नाताळाच्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे असतात. त्यांत दिवस गेलेल्या बायाही असतात. अशी एखादी दाराशी आली, तर तिला पाणी द्यावे, सावलीला बसवावे. चांदणी लावायला पैसा नसला तरी चालेल. "जागा नाही" एवढे मात्र म्हणू नये.

शब्दार्थ
शिरगणती – माणसांची मोजणी
बाळंते – तान्ह्या बाळाला गुंडाळायचे फडके
मिसर – इजिप्त देश

प्रश्न
१. बाळाला गव्हाणीत का ठेवले?
२. बातमी आधी कुणाला कळली?
३. लक्ष्मीबाईंनी कोणते अपुरे काम पुढे नेले?
४. तुमच्या अडचणीत कोण धावून आले? चार ओळी लिहा.