कपोतगुरू आणि दाराशी येणारा पारवा

विषयप्रवेश

गृहस्थ वासनिकांच्या अंगणात, तसेच आश्रमांच्या ओसरीवर रोज सकाळी पारवे उतरतात. कोणी त्यांस मूठभर ज्वारी टाकतो, कोणी पाण्याचे परळ भरून ठेवतो. हळूहळू ती पाखरे धीट होतात, हातावरचे दाणे टिपू लागतात, आणि घरातील माणसांना त्यांचा लळा लागतो. अशा वेळी साधनवंताच्या मनात प्रश्न उभा राहतो की, ही भूतदया आपल्या आचारास धरून आहे काय? की या दयेच्याच पोटी नवी ममता जन्मास येऊन साधनाच्या आड येते?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. इ. स. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे पाऊल शासनाने व महापालिकेने उचलले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले, आणि पाखरांवर दया करावी की माणसांचे आरोग्य राखावे, असा वाद घरोघरी झाला. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्यांनी या वादात घाईने एका बाजूस जाऊन उभे राहणे योग्य नाही. म्हणून प्रथम दृष्टान्त पाहू, मग दार्ष्टान्तिकाचा विचार करू, आणि शेवटी आचाराकडे वळू.

कपोताचा दृष्टान्त

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्णचक्रवर्ती उद्धवदेवास यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद सांगतात. परंपरेने हा अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयप्रभू असे मानले जाते. त्याने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये कपोत हा आठवा. याच एकादश स्कंधावर भास्करभट्ट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या प्रारंभी ‘उद्धवगीता’ रचली, आणि ती आपल्या साती ग्रंथांत गणली जाते.

त्या कथेतील कपोत रानातल्या एका झाडावर घरटे करून कपोतीसह राहत होता. कपोतीने अंडी घातली, पिले झाली, आणि त्यांचे बोबडे बोल ऐकण्यात, त्यांच्या कोवळ्या पंखांचा स्पर्श अनुभवण्यात दोघांचे दिवस जाऊ लागले. एकदा ती दोघे चाऱ्यासाठी गेली असता पारध्याने पिले जाळ्यात धरली. परतलेली कपोती आक्रोश करीत जाळ्याकडे धावली आणि अडकली. कपोताने ते सर्व डोळ्यांनी पाहिले. जाळे समोर दिसत असूनही शोकाने व्याकूळ झालेला तो आपण होऊन त्यात पडला. पारध्याचे काम झाले, आणि तो सर्वांना घेऊन घरी गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अवधूताने कपोताची निंदा केलेली नाही, त्यास गुरू म्हटले आहे. पिलांना चारा घालणे हा त्याचा दोष नव्हता. ‘हे माझे, यांच्यावाचून मी नाही’ या भावनेने त्याची दृष्टी झाकली गेली, आणि समोरचे जाळे दिसूनही त्यास आवरता आले नाही. पक्ष्याला विवेकाचे साधन नाही. मनुष्यदेह मिळूनही जो असाच गुंततो, तो उंच चढून खाली पडलेला होय, हे त्या कथेचे तात्पर्य.

दया ममतेत कशी उतरते

चारा घालणारा मनुष्य कपोताच्या जागी कसा येतो, हे भागवताच्याच पाचव्या स्कंधातील भरतराजाच्या चरित्रावरून कळते. राज्य सोडून गंडकीतीरी राहणाऱ्या त्या राजाने नदीच्या प्रवाहात पडलेले हरिणीचे पाडस वाचविले. हे कृत्य निर्दोष होते. पुढे मात्र पाडसाला गवत कोण देईल, लांडगा तर नेणार नाही ना, या चिंतेत नित्यनेम सुटला, अंतकाळी मनात पाडसच राहिले, आणि राजाला हरिणाचा जन्म आला. दया केव्हा संपली आणि ममता केव्हा सुरू झाली, हे त्या विवेकी राजालाही उमगले नाही, याचे कारण दोहोंचे बाह्य रूप सारखेच असते.

याच्या उलट बाजूस लीळाचरित्रातील सशाची लीळा ठेवून पाहावी. पारधी व कुत्रे पाठीस लागलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानुतळी येऊन दडला. पारध्यांनी मागितला तरी स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही, उलट पारध्यांसच हिंसेविषयी बोध केला. संकट टळल्यावर त्यांनी जानु उचलली आणि सशास जावयास सांगितले. सशाला ठेवून घेतले नाही, पाळले नाही, त्याच्यावर आपली खूण केली नाही. जीव भयात असताना पूर्ण अभय दिले आणि भय सरताच पूर्ण मोकळीक दिली. आपल्या दयेचे मोजमाप या लीळेवरून करावे.

दार्ष्टान्तिक

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांच्या विचारात पारव्याच्या देहातील जीव आणि आपल्या देहातील जीव यांत जीवपणाने भेद नाही. तोही आपली कर्मे भोगीत आहे. म्हणून त्याला पीडा न देणे हे उपकार नसून कर्तव्य आहे. दाणे घातल्याने पुण्य होईल, हा हेतू मात्र मनात धरू नये. पुण्याचे फळ स्वर्गादी सुख देऊन सरते, जीवाचे अनादी बंधन त्याने तुटत नाही. पाखरांना चारा घातला म्हणजे आजचे नामस्मरण झाले, असे समजणाऱ्याने एका साधनाच्या जागी एक करमणूक ठेवली, एवढेच म्हणावे लागेल.

पाखराशी मैत्री करण्यास मात्र हरकत नाही, आणि तिची रीतही शिकण्यासारखी आहे. पारवा धीट दिसला तरी सावध असतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी दाणे ठेवून दूर बसावे, हालचाल करू नये, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. काही दिवसांनी तो आपण होऊन जवळ येतो. त्यास धरण्यास हात पुढे केला की तो विश्वास क्षणात नाहीसा होतो. ज्या स्थिरतेची अपेक्षा पाखरू करते तीच स्थिरता स्मरणास बसताना लागते. कपोतगुरूकडून एवढा लाभ घेतला तरी तो मोठा आहे.

वासनिकांचा आचार

पारवा हा मुळात कडेकपारीत राहणारा पक्षी. इमारतींचे सज्जे त्यास कड्यांसारखेच वाटतात, म्हणून तो आपल्याकडे येतो. धान्य हा त्याचा आहार. ज्वारी, बाजरी, गहू, मका, मूग यांपैकी कोरडे व स्वच्छ धान्य द्यावे. मीठ-तिखटाचे शिजलेले अन्न, फरसाण, शिळा पाव देऊ नये. कीड लागलेले धान्यही टाकू नये, कारण त्यात दुसऱ्या जीवांची हिंसा आहे. एका पारव्यास दिवसाला सुमारे ३० ग्रॅम धान्य पुरते, आणि तो ते अनेक ठिकाणी मिळवितो. तेव्हा थोड्या वेळात संपेल एवढेच घालावे. उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि मग त्यांस मारण्याचा प्रसंग ओढवतो.

पाणी गाळून, उथळ भांड्यात ठेवावे व रोज बदलावे. साठलेल्या पाण्यात डासांची उत्पत्ती होते, आणि त्यांच्या नाशाचे निमित्त आपणच होतो. पाणी गाळण्याचा आपला आचार ज्या सूक्ष्म दृष्टीतून आला, तीच दृष्टी येथेही हवी.

मादी बहुधा दोन अंडी घालते. नर व मादी दोघेही ती सुमारे १८ दिवस उबवितात, आणि पिले महिन्याभरात उडू लागतात. अंडी वा पिले असताना घरटे हलवू नये. पिले उडून गेल्यावर जागा धुऊन तेथे जाळी लावण्यास प्रत्यवाय नाही. मात्र आत पाखरू अडकले नाही, हे आधी पाहावे. पारध्याचे जाळे आपल्या हातून विणले जाऊ नये. अन्न मुबलक मिळाले की पारव्यांची वीण वर्षभर चालते व थवे वाढतात. म्हणून ज्या दयेने शेकडो पाखरे एका सज्जावर गोळा होतात, ती दया पाखरांच्याही हिताची नाही; दाटीत रोग पसरतात.

येथे शेजाऱ्याचा विचार येतो. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन काही माणसांस फुफ्फुसांचा गंभीर विकार जडतो, हे वैद्यकाने सिद्ध केलेले आहे. ज्या घरी वा शेजारी दम्याचा रोगी, वृद्ध किंवा तान्हे मूल आहे, तेथे सज्जात चारा घालू नये. विष्ठा कोरडी झाडू नये, नाकातोंडास फडके बांधून व पाणी शिंपडून मग पुसावी. शेजारच्या आजीला खोकल्याने रात्रभर झोप नाही आणि आपण पाखरांना दाणे घालून समाधान मानतो, ही अहिंसा नव्हे. जीव पाखरात आहे, तसा तो त्या आजीतही आहे. तिच्यासाठी चारा थांबविला तर धर्म मोडला असे होत नाही. पारव्यास पंख आहेत, त्यास दुसरीकडे चारा मिळतो. त्या वृद्धेला मात्र आपले घर सोडता येत नाही.

भिक्षूंचा आचार

संन्यस्त साधनवंताने पाखरांसाठी धान्य साठवू नये व वासनिकांकडे मागूही नये. तो संग्रहच होय, मग हेतू दयेचा का असेना. भिक्षेचे अन्न शिजलेले असल्याने ते पारव्यास योग्यही नाही. भिक्षूजवळ देण्यासारखे आहे ते अभय. विजनी वृक्षातळी तो निश्चल बसला असता पाखरू जवळ येऊन निर्भयपणे चरले, तर त्याचे दान घडले. अटनास निघताना मागे वळून ‘आता यास कोण पाहील’ असे मनात आले, तर मात्र भरतराजाचे स्मरण करावे.

उपसंहार

सारांश, पारव्यास चारा घालणे निषिद्ध नाही, आणि ते मोक्षाचे साधनही नाही. त्यात तीन गोष्टी तपासाव्या: या कृत्याने दुसऱ्या कोणत्या जीवास पीडा होते काय, यापायी स्मरणाची वेळ चुकते काय, आणि उद्या हे पाखरू आले नाही तर आपले चित्त अस्वस्थ होईल काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर निःशंक मनाने दाणे घालावे. आलेल्यास अभय द्यावे, जाणाऱ्यास जाऊ द्यावे, आणि त्याच आसनावर बसून परमेश्वराचे स्मरण करावे.

सर्व साधनवंतांस व वासनिकांस दंडवत प्रणाम.