नूतनीकृत लॅपटॉप वारंवार बंद पडतो तेव्हा
कारणाचा शोध घेण्याची पद्धतशीर रीत

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या काळात या परिसरातील ग्रामपंचायत आणि शाळा यांचे बरेचसे कामकाज वहीतून संगणकावर आले. २०११ मध्ये राज्यात संग्राम प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींचे संगणकीकरण हाती घेण्यात आले आणि २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज ही केंद्रीय प्रणाली सुरू झाली. त्यामुळे गावातील एक संगणक बंद पडला, तर कर आकारणीची नोंद, दाखला आणि विकास आराखड्याचा हिशेब अशी अनेक कामे एकदम खोळंबतात.

नव्या यंत्राची किंमत परवडत नसल्यास नूतनीकृत, म्हणजेच बाजारात ज्याला रिफर्बिश्ड म्हणतात असा लॅपटॉप घेणे हा गैर मार्ग नव्हे. मोठ्या कार्यालयांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेली यंत्रे दुरुस्त करून ती पुन्हा विकली जातात. मात्र अशा यंत्रातील काही भाग जुने व काही बदललेले असतात. ते काम करता करता अकस्मात बंद पडू लागले की ‘यंत्रच खराब आहे’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो, किंवा एकामागून एक भाग बदलून खर्च वाढविला जातो. दोन्ही टाळावयाचे असल्यास कारणाचा शोध क्रमाने घेणे आवश्यक आहे.

प्रथम माहितीचे रक्षण

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी यंत्रातील सर्व महत्त्वाच्या फायली बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज प्रत पूर्ण झाली असे मानू नये. यंत्र बदलता येते, पण नोंदी गेल्यास त्या पुन्हा उभ्या करणे दुरापास्त असते. नादुरुस्त डिस्क कोणत्याही क्षणी निकामी होऊ शकते, म्हणून हे काम चाचण्यांच्या आधी करावे.

नोंदवही ठेवा

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेत अडकलेला पतंग तंत्रज्ञांनी काढला आणि तो नोंदवहीतच चिकटवून ठेवला. ही गोष्ट गमतीची वाटली तरी तिच्यातील शिस्त आजही उपयोगी आहे. यंत्र बंद पडले की दिनांक, वेळ, त्या वेळी सुरू असलेले काम, चार्जर जोडला होता किंवा नाही, आणि पडद्यावर आलेला संदेश या पाच बाबी एका वहीत लिहाव्यात. निळा पडदा आल्यास त्यावरील संकेतशब्दाचे छायाचित्र घ्यावे. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर हे साधन दिवसवार बिघाड दाखविते, तेही या वहीशी ताडून पाहावे.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की वीजपुरवठ्यात दोष आहे असे मानले जाते. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते. ती परिणाम दर्शविते. कारण मात्र इतर पुराव्यांतून शोधावे लागते.

लक्षणावरून दिशा

कोणताही संदेश न देता यंत्र दिवा विझावा तसे बंद पडत असेल, तर वीज किंवा उष्णता यांचा संशय प्रथम घ्यावा. निळा पडदा येत असेल आणि दर वेळी संकेतशब्द निराळा असेल, तर स्मृती म्हणजे रॅम तपासावी. संकेतशब्द तोच असून त्यासोबत एखाद्या ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर तो ड्रायव्हर बदलून पाहावा. पडदा गोठून यंत्र बराच वेळ अडून राहत असेल, तर डिस्ककडे लक्ष द्यावे. केवळ एकच प्रणाली बंद पडून बाकी यंत्र चालू राहत असेल, तर दोष बहुधा त्या प्रणालीत असतो.

एक उदाहरण

समजा, एका ग्रामपंचायतीच्या वहीत आठ नोंदी झाल्या. त्यांपैकी सहा मे महिन्यातील दुपारच्या आहेत. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेता उष्णतेवर बोट ठेवण्याचा मोह होतो. परंतु उरलेल्या दोन नोंदी सकाळी सातच्या आहेत, आणि आठही वेळा चार्जर जोडलेला होता. म्हणून यंत्र दोन दिवस केवळ बॅटरीवर चालविले असता ते बंद पडले नाही. तेवढ्यावरून चार्जर दोषी ठरतो काय? नाही. बॅटरीवर असताना अनेक लॅपटॉप आपली गती कमी करतात, आणि त्यामुळे उष्णताही घटते. यास्तव तितक्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा अधिक वॅटचा, त्याच यंत्रास योग्य असा दुसरा चार्जर जोडून तेच काम पुन्हा करावे. त्यानंतरही बिघाड न झाल्यास चार्जरवरील संशय बळावतो. जुना चार्जर पुन्हा लावताच बिघाड परतला तर तो पक्का होतो. मूळ यंत्रास ९० वॅटचा चार्जर लागत असता विक्रेत्याने ६५ वॅटचा दिलेला असणे, हेही अशा वेळी तपासावे.

एका वेळी एकच बदल, हा या उदाहरणाचा धडा होय. चार्जर, रॅम आणि विंडोज ही तिन्ही एकाच दिवशी बदलली आणि यंत्र सुधारले, तर कशामुळे सुधारले हे कधीच कळत नाही.

चाचण्यांचा क्रम

उष्णतेसाठी पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ साफ करावी आणि यंत्र गादीवर किंवा कापडावर न ठेवता कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावे. प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप कालांतराने वाळतो; तो जाणकार तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावा.

रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट ही चाचणी रात्रभर चालवावी. एक चूक आढळली तरी ती दुर्लक्षणीय नाही. दोन पट्ट्या असल्यास एकेक पट्टी वेगळी लावून पाहावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष असते; ती एकाच खाचेत राहिली तर दोष खाचेत असतो. निरनिराळ्या बनावटीच्या पट्ट्या एकत्र बसविल्यानेही काही वेळा असा त्रास उद्भवतो.

डिस्कसाठी तिचा ‘स्मार्ट’ अहवाल पाहावा आणि चेक डिस्क चालवावी. त्यानंतर विंडोजच्या फायली एस-एफ-सी स्कॅननाऊ या आज्ञेने तपासाव्यात. ड्रायव्हर यंत्राच्या मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. या अटींत न बसणाऱ्या यंत्रावर ती प्रणाली आडमार्गाने बसविलेली नाही ना, हेही पाहावे.

बॅटरी फुगून स्पर्शपट्टी वर उचलली गेली असेल, तर यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा. लिथियम-आयन बॅटरी दाबणे, टोचणे किंवा घरी उघडणे आगीस निमंत्रण देणारे आहे. ती साध्या कचऱ्यात न टाकता बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अधिकृत संकलकाकडे द्यावी.

खरेदीच्या वेळीच दक्षता

दुरुस्तीपेक्षा दक्षता स्वस्त पडते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ प्रमाणे नूतनीकरण करणाऱ्या संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. तेव्हा विक्रेत्यास या नोंदणीविषयी विचारावे. बदललेल्या भागांची यादी, चार्जरची क्षमता आणि परतीची मुदत पावतीवर लेखी घ्यावी. यंत्र हाती येताच, मुदत शिल्लक असतानाच, रॅम व डिस्क यांच्या चाचण्या पूर्ण कराव्यात. सदोष आढळल्यास नोंदवहीतील दिनांकवार पुरावा विक्रेत्यापुढे ठेवता येतो आणि नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा त्यास अधिक वजन येते.

तालुक्याच्या ठिकाणाहून तंत्रज्ञ येण्यास दोन-चार दिवस लागतात, तोवर दाखल्यासाठी आलेला नागरिक रिकाम्या हाती परततो. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने वा शाळेतील एका शिक्षकाने ही रीत आत्मसात केली आणि माहितीची प्रत दर आठवड्यास घेतली, तर बहुतेक बिघाडांचे कारण गावातच समजेल आणि तंत्रज्ञ आल्यावर त्याचा वेळही वाचेल.