शिवेवरचे शेत

गिरणा नदीच्या काठी वसलेले भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण. एके काळी तेथे ग्रामपंचायतीचा कारभार होता; पुढे वस्ती वाढली आणि नगरपरिषद आली. गाव वाढू लागले की घरे हळूहळू वेशीबाहेर पडतात. काल जेथे कपाशी उभी होती, तेथे आज भूखंडांचे दगड रोवलेले दिसतात. परंतु घरे शिवेपलीकडे गेली म्हणून शीव आपोआप पुढे सरकत नाही. ती सरकवण्याचा अधिकार शासनाचा आहे, आणि तो वापरण्यापूर्वी शासनाला रहिवाशांचे म्हणणे मागवावे लागते.

ही रीत १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदांच्या अधिनियमात घालून दिलेली आहे. एखादा भाग शहराच्या हद्दीत घ्यावयाचा असल्यास शासन आपला इरादा प्रथम राजपत्रात प्रसिद्ध करते. तो वर्तमानपत्रातही छापला जातो आणि ठळक जागी लावला जातो. ज्याची हरकत असेल त्याने ती कारणांसह लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाची असते. त्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत असते. जिल्हाधिकारी त्या हरकती शासनाकडे पाठवतात आणि त्यांचा विचार झाल्यावरच अंतिम अधिसूचना निघते. राजपत्र वाचणारा शेतकरी विरळाच. म्हणून चावडीवर किंवा कचेरीच्या फलकावर लागलेला कागद वाचून चार जणांना सांगणारा मनुष्य अशा वेळी साऱ्या गावाच्या उपयोगी पडतो.

हद्दीत जाण्याने काय बदलते? समजा, शिवेवर एका शेतकऱ्याचे चार एकर शेत आहे. आजवर तो ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकत होता. वर्षातून किमान चार ग्रामसभा भरवणे पंचायतीला बंधनकारक आहे. शहरात गेल्यावर त्याचा प्रतिनिधी नगरसेवक होतो, घरपट्टी नगरपरिषदेची होते, आणि शेत विकास आराखड्याच्या कक्षेत येते. उलट नळाचे पाणी, गटारे, दिवाबत्ती यांची जबाबदारीही नगरपरिषदेवर पडते. लाभ व तोटा दोन्ही खरे आहेत. कोणाला काय हवे याचे उत्तर घराघरांत वेगळे असू शकते.

खानदेशातच धुळे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१८ साली शेजारची गावे आली. पुण्याजवळची गोष्ट अधिक बोलकी आहे. फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावे २०१७ साली पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली. कर वाढले, सोयी मात्र पुरेशा मिळाल्या नाहीत, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. त्यांनी गावे वगळण्याची मागणी लावून धरली. २०२३ साली शासनाने तसा इरादा जाहीर करून हरकती व सूचना मागवल्या, आणि २०२४ साली त्या दोन गावांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे एकदा आखलेली रेषाही पुन्हा आखता येते. मात्र त्यासाठी सात वर्षे लागली.

हद्दीनंतर येतो तो आराखड्याचा प्रश्न, आणि सामान्य माणसाची खरी कसोटी येथेच लागते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रथम प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्याचा नकाशा कचेरीत पाहता येतो. त्यावर रस्ते, शाळा, क्रीडांगण, बाजार यांच्या जागा दाखवलेल्या असतात. आपल्या शेताचा गट क्रमांक त्यावर शोधणे हे पहिले काम. आमच्या शेतकऱ्याला दिसते की नियोजित रस्त्याची रेघ नेमकी त्याच्या विहिरीवरून गेली आहे!

तो संतापाने लिहू शकतो की, ‘हा आमच्यावर घोर अन्याय आहे.’ असे अर्ज पुष्कळ येतात आणि वाचणाऱ्याच्या हाती त्यांतून काहीच लागत नाही. तोच अर्ज असा लिहिता येईल : ‘या गटातील विहिरीवर चार एकर शेत भिजते. पूर्वेकडील पाणंदीवरून रस्ता नेल्यास विहीर वाचेल व वळणही मोठे पडणार नाही.’ सोबत सातबाऱ्याचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि शेजाऱ्यांच्या सह्या असाव्यात. शेजाऱ्यांना विचारणे तर आवश्यकच, कारण रेघ एका शेतातून उठली की दुसऱ्या शेतात बसते.

काही गोष्टी कचेरीपेक्षा गावालाच अधिक ठाऊक असतात. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा व पांझरा या नद्यांना आलेल्या महापुराने खानदेशात पुष्कळ घरे नेली. आज पाटबंधारे खाते नदीकाठी पूररेषा आखते. २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी व १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. तरीही कोणता नाला पावसाळ्यात उलटा फुगतो, पाणी कोणत्या पाराच्या कितव्या पायरीला लागले होते, हे वृद्ध माणसे सांगतात. शाळेसाठी अशी सखल जागा राखली गेली असेल, तर त्यांची साक्ष हीच उत्तम सूचना होय.

हरकती आल्यावर नियोजन समिती सुनावणी घेते. अर्जदाराने तेथे स्वतः हजर राहून नकाशावर बोट ठेवून बोलावे. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून कागद मागता येतात, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर हरकतीची मुदत उलटून जाण्याचा संभव असतो. म्हणून हरकत आधी द्यावी आणि पोच घ्यावी. समितीच्या अहवालानंतर आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो.

शेतकऱ्याचे म्हणणे मान्य होईलच, असे नाही. जमिनीवर आरक्षण पडले आणि अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर मालक संबंधित प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही वा घेण्याची कारवाई सुरू केली नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. त्या वेळी पोचीसह जपून ठेवलेले जुने कागद ट्रंकेतून पुन्हा बाहेर निघतात.