अवघडलेल्या मैत्रीचं प्रॅक्टिकल

मंडळी, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'न' आणि 'ण' चुकले असतील तर संपादकांनी ते पोटात घालावेत. शाळेत 'ऑकवर्ड' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा वापरायचे, पण त्याचा अर्थ कळला तो आमच्या आजीच्या 'अवघडलं बाई' मधून. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय अवघडतो ना, अगदी तसं. पाय मोडलेला नसतो, फारसा दुखतही नसतो. फक्त टेकवायची भीती वाटते, कारण टेकवला की मुंग्या येणार!

आपल्या कॉलेजात अशा मुंग्या आलेल्या मैत्र्या भरपूर. एकाने प्रपोज केलं, तिने नाही म्हटलं, आणि नेमके दोघांचे रोल नंबर शेजारी, म्हणजे वर्षभर एकाच प्रॅक्टिकल बॅचमध्ये. किंवा कोणी कोणाकडून तीनशे रुपये घेतलेत, दोघांनाही पक्कं आठवतंय, पण विषय कोणीच काढत नाही. यांच्यासाठी माझ्याकडे सोपे उपाय आहेत : पहिल्यांनी मुकाट्याने रीडिंग्ज घ्यावीत, दुसऱ्यांनी तीनशे रुपये द्यावेत. असो. मला बोलायचंय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. एकीचे सगळे विषय सुटले आणि दुसरीला वायडी लागली.

ती माझी रूममेट होती. दोन वर्षं एक खोली, एक बादली, एक इस्त्री. सेकंड इयरला एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री तिने मला लॅप्लास समजावून सांगायला सांगितलं. माझं स्वतःचं एक युनिट राहिलं होतं. मी म्हटलं, "सकाळी सांगते ना." सकाळी मी केस विंचरत फॉर्म्युले पाठ करत होते. तिने परत विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रिझल्ट लागला. तिची हॉस्टेलची खोली गेली आणि ती कॉलेजजवळच पीजीत राहायला गेली. त्यानंतर चहाच्या टपरीवर समोर आलो की दोघींनाही एकदम मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

आता माझे फसलेले प्रयोग ऐका, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. पहिला, "हाय, काय चाललंय?" हा मेसेज. वर्ष गेलेल्या माणसाला काय चाललंय विचारू नये, कारण काहीच चाललेलं नसतं. दुसरा, ट्रीट. मी तिला मिसळ खायला नेलं. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये तर्री. "बाकी काय?" "काही नाही. तुझं काय?" "काही नाही. बाकी?" असं आम्ही पाव संपेपर्यंत खेळलो. मिसळ इतकी तिखट होती म्हणून बरं, डोळ्यांतलं पाणी त्यात खपून गेलं.

मग मी चक्क लायब्ररीत गेले (सबमिशन नसताना!). तिथे एक मजेशीर अभ्यास सापडला. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी अमेरिकेत एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत, जिथे लग्न झालेले विद्यार्थी राहायचे, कोणाची कोणाशी मैत्री होते ते तपासलं. 1950 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं की स्वभाव-बिभाव राहू दे, दारं किती जवळ आहेत यावर बरंच ठरतं. जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या तर दुसऱ्या मजल्यावरच्यांशीही ओळखी जास्त, कारण येता-जाता लोक तिथूनच जाणार. म्हणजे आमच्यातलं जे गेलं होतं, त्यातला मोठा भाग जिना होता. जिना परत बांधता येतो, सिव्हिलवाल्यांना विचारा.

दुसरी युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची. हो, तोच, विजेच्या गजवाला. त्याला विरोध करणारा एक सभासद होता. फ्रँकलिनने त्याची खुशामत केली नाही, उलट त्याच्याकडचं एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागितलं आणि आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसकट परत केलं. पुढे तो सभासद मरेपर्यंत दोघे मित्र राहिले, असं फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहिलंय. थोडक्यात, रुसलेल्याला काही देऊ नका, त्याच्याकडे काहीतरी मागा.

आता कार्यक्रम. अवघडलेल्या लोकांना 'गेट-टुगेदर'ला बोलावलं तर ते येत नाहीत, कारण तिथे बोलावं लागतं. त्यांना अशा ठिकाणी बोलवा जिथे हाताला काम आहे, सगळ्यांचं लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे आहे, आणि संपायची वेळ आधीच ठरलेली आहे. मी निवडला शून्य सावलीचा दिवस.

सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश उत्तरेपासून साडेतेवीस अंश दक्षिणेपर्यंत फिरतो. या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावर तो वर्षातून दोनदा येतो, आणि त्या क्षणी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच शिरते. सगळा महाराष्ट्र या पट्ट्यात बसतो, बिचारी दिल्ली बसत नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून आपल्याकडे हे 13-14 मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस होतं. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला साधारण 26 मेला. आणि हे बाराच्या ठोक्याला होत नाही! आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणं त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर चौतीस. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. 12 वाजून 31 मिनिटं. (जुलैवर विसंबू नका, ढग असतात. तेव्हा सगळ्यांना आपापली बिघडलेली वस्तू आणायला सांगा आणि मिळून दुरुस्त करा. मार्टिन पोस्टमा या बाईंनी 2009 साली ॲमस्टरडॅममध्ये अशीच दुरुस्तीची बैठक सुरू केली आणि ती कल्पना कितीतरी देशांत गेली. आमच्याकडे इस्त्री दुरुस्त करताना फ्यूज उडाला, पण लोक अंधारात जास्त मोकळे बोलतात हे कळलं.)

पाईप अगदी उभा लावायचा तर ओळंबा लागतो. तिचे पप्पा बांधकामाची कामं घेतात. मी मेसेज टाकला, "अगं, पप्पांचा ओळंबा मिळेल का? 13 मेला हवाय." दोन तासांनी उत्तर आलं, "कशाला??" मी फक्त वेळ आणि जागा कळवली, आणि शेवटी लिहिलं, "12:40 ला संपेल." रेक्टर मॅडमना 'शैक्षणिक उपक्रम' म्हणून अर्ज दिला. मेसच्या मावशींकडून ताक सांगितलं. अकरा जणींना बोलावलं, पीएल चालू होती, सात आल्या. ती आठवी. ओळंबा ओढणीत गुंडाळून आणला होता.

गच्चीची फरशी अशी तापलेली की चप्पल काढायची सोय नाही. आम्ही वीतभर पीव्हीसी पाईप उभा केला, तर तिने आल्या आल्या तो हलवला. "ए, हे काय वाकडं लावलंय!" मग ओळंबा सोडला, बोटाने हलकेच थांबवला, आणि दमच दिला, "तो डुलायचा थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही." कोणी बोललं नाही. तिचा तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

12:29 ला पाईपच्या तळाशी सावलीची बारीक कोर उरली होती. ती विरत गेली. 12:31 ला उजेडाचा पूर्ण गोल. पाण्याच्या बाटलीखाली सावली नाही, पाईपला नाही, आणि आमच्या सावल्या चपलांखाली गेलेल्या. बाकीच्या फोटो काढायला धावल्या. आम्ही दोघी पाईपपाशी शेजारी शेजारी उकिडव्या, दोघींचं लक्ष त्या गोलाकडे.

मी म्हटलं, "त्या रात्री मी लॅप्लास सांगायला हवं होतं."

ती म्हणाली, "हो." मग जरा थांबून, "पण मला बाकीची पाच युनिट्स पण येत नव्हती गं."

एवढंच. 12:40 ला कार्यक्रम संपला, कारण तसं सांगितलं होतं. पण एक वाजेपर्यंत कोणी हललं नाही, कारण ताक उरलं होतं.

ओळंबा ती माझ्याकडेच विसरून गेली. 'परत दे' म्हणून दोन मेसेज आलेत. पप्पांकडे दुसरा आहे, हे मला माहीत आहे, त्यामुळे मी जरा उशीर करतेय.