पारवा : सहाव्या रंगाची कहाणी

‘तानापिहिनिपाजा’ हे सूत्र शाळेत पाठ न केलेला मराठी विद्यार्थी विरळाच. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यांपैकी सहा रंग कोणीही चटकन दाखवील. ‘पारवा’ दाखवा म्हटले की बोट थबकते. पारवा म्हणजे रानकबुतर, आणि त्याच्या पिसांचा करडा रंग तर वर्णपटात कोठेच नाही! इंग्रजी पुस्तकांत या जागी ‘इंडिगो’ आहे, म्हणजे आपली नीळ. मग ही नीळ इंद्रधनुष्यात शिरली कशी?

न्यूटनने लोलकातून सूर्यकिरण नेला तेव्हा त्याला रंगांचा सलग पट्टा दिसला. त्यात कोठेही कुंपणे नव्हती. आरंभी त्याने पाचच मुख्य रंग मानले होते. नारिंगी आणि इंडिगो मागाहून आले. पुढे १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने हा पट्टा संगीताच्या सप्तकाप्रमाणे सात भागांत वाटला. सप्तकातील दोन अंतरे इतरांहून लहान असतात. त्या दोन अरुंद जागा नारिंगी व इंडिगो यांना मिळाल्या. आपल्यापेक्षा ज्याची नजर रंग ओळखण्यात तीक्ष्ण होती अशा साहाय्यकाकडून त्याने या सीमारेषा आखवून घेतल्या, हेही त्यानेच नमूद केले आहे.

‘इंडिगो’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘भारतातील’. सतराव्या शतकात सरखेज आणि बयाना येथील नीळ जहाजांतून युरोपात जात असे. आपल्याकडील रंगाऱ्याच्या पिंपातला हा रंग नावासकट न्यूटनच्या वर्णपटात जाऊन बसला. आणि तोच मराठीत परतला तो मात्र पारव्याचे पंख लावून.

आज या रंगाची तरंगलांबी सुमारे ४२० ते ४५० नॅनोमीटर सांगतात. परंतु अनेक शास्त्रज्ञ निळ्यानंतर थेट जांभळाच मोजतात. न्यूटनचा ‘निळा’ म्हणजे आपला आकाशी आणि त्याचा ‘इंडिगो’ म्हणजे आपला निळा, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

तात्पर्य, प्रकाश निसर्गाचा. सात हा आकडा माणसाचा. सूत्र अवश्य पाठ करावे, पण पावसाळ्यात इंद्रधनुष्य उगवले की पुस्तक मिटून ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मोजावे. पाच भरोत वा सात, ती मोजणी आपली असेल. विद्येचा आरंभ तेथूनच होतो, असे मला वाटते.