थंडीतला स्कर्ट, किल्ट आणि धाबळी

या वेळच्या पत्रांचा विषय एकच: पुरुषाने घेराचं वस्त्र नेसायचं आणि वर थंडीतही फिरायचं, हे जमावं कसं? काही पत्रांत कुतूहल आहे, एकात खट्याळपणा आहे, दोन-तीन पत्रांत मात्र खरी अडचण आहे. अडचणीच्या पत्रापासून सुरुवात करतो.

शंका : मी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला शिकतो. जानेवारीच्या अखेरीस वर्गमित्राचं लग्न आहे आणि आम्ही चौघांनी किल्ट घालायचं ठरवलं आहे. भाड्याने मिळतो. लातूरच्या माणसाचे उघडे गुडघे तिथे निभावतील का? आत थर्मल घातलं तर चालेल का?
– एक विद्यार्थी

समाधान : निभावतील, पण किल्ट निवडताना रंगाआधी कापडाचं वजन विचारा. दुकानदार १०, १३, १६ औंस असे आकडे सांगेल. हे दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन. पूर्ण किल्टला असं चार वार कापड लागतं, म्हणजे जुन्या एकेरी पन्ह्याच्या हिशेबात आठ वार. त्यामुळे १६ औंसाच्या किल्टचं नुसतं कापडच पावणेदोन किलोच्या पुढे जातं, तर १० औंसाचं सव्वा किलोच्या आत राहतं. भाड्याच्या दुकानात हलके किल्ट भरपूर असतात, काही तर पॉलिएस्टर-व्हिस्कोसचेही. ते फोटोत उत्तम दिसतात. तुम्ही मात्र जाड लोकरीचाच मागा आणि थोडं जास्त भाडं पडलं तरी द्या.

याचं कारण असं की ऊब कापड देत नाही, कापडात आणि कापडाखाली थांबलेली हवा देते. किल्टच्या मागच्या बाजूला दाट चुण्या असतात, पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. जड लोकर आपल्याच वजनाने मांड्यांलगत लोंबते आणि आतली हवा आतच राहते. हलकं कापड मात्र प्रत्येक पावलागणिक भात्यासारखं चालतं: गरम हवा बाहेर, गार हवा आत. म्हणून घेराच्या कुठल्याही वस्त्रात लढाई थंडीशी कमी आणि वाऱ्याशी जास्त असते. पुढे कमरेखाली लटकणारी ती चामड्याची पिशवी, स्पोरन, वाऱ्यात पदर दाबून धरायलाही उपयोगी पडते. पदराच्या कोपऱ्यातली पिन फक्त वरच्या पदरालाच टोचायची; दोन्ही पदर एकत्र टोचलेत तर बसताना कापड फाटेल आणि अनामत रक्कम दुकानदाराकडेच राहील.

किल्ट आपल्या पँटसारखा कटीवर बांधायचा नाही. तो बेंबीच्या उंचीवर येतो आणि खालचा काठ गुडघ्याच्या मध्यावर. नवखे लोक तो खाली ओढून घालतात. मग काठ पोटरीवर येतो, कंबर उघडी पडते आणि ध्यानही विचित्र दिसतं. वर बांधला की पोट आणि कंबर लोकरीच्या अनेक थरांत झाकली जाते, आणि त्याचा फायदा थेट पायांना होतो. धड गारठलं की शरीर हातापायांकडे जाणारं रक्त कमी करतं. धड उबदार असेल तर पाय आपोआप सुधारतात. जॅकेटखाली बनियनऐवजी मेरिनो लोकरीचा पातळ सदरा आणि वर वेस्टकोट घाला.

मोजे लोकरीचे, जाड आणि पूर्ण उंचीचे हवेत. ते वाटीखाली दोन-तीन बोटांवर दुमडायचे आणि आतून इलॅस्टिकचा पट्टा लावायचा. तो घट्ट नको, नाहीतर रात्री पोटरीवर वळ उठतील. एवढं केलंत की उघडा राहतो तो गुडघा आणि आसपासची चार बोटं. तिथे मांस कमी, म्हणून बोचतं खूप. पण तेवढ्या जागेतून अंगाची ऊब फारशी जात नाही. किल्टबरोबरचे पारंपरिक बूट मात्र नाडीखाली जीभ नसलेले आणि वरून बरेच उघडे असतात. ते पिशवीतून न्या आणि चर्चपर्यंत साधे जलरोधक बूट घालून चला.

थर्मलचं उत्तर: गुडघ्याच्या वरच संपणारं, काळं किंवा गडद, मेरिनोचं घ्या, काठाबाहेर डोकावणार नाही. पायघोळ नको. उघड्या गुडघ्यांच्या जागी थर्मलची नळी दिसली तर यजमान काही बोलणार नाहीत, पण फोटो कायमचे राहतात. आणि व्हिस्कीने ऊब येते या समजुतीवर विसंबू नका. तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते. प्यायचीच असेल तर दाराच्या आत.

शंका : खरा स्कॉट किल्टच्या आत काहीच घालत नाही म्हणतात. खरं काय? (नाव छापू नये.)

समाधान : नाव छापलेलं नाही. काही पलटणींत तशी रीत होती आणि तिच्यावर विनोदही उदंड आहेत. आज हायलँड नृत्याच्या स्पर्धांत आत गडद अंतर्वस्त्र घालणं बंधनकारक आहे. १९९७ साली हाँगकाँगमध्ये झेंडे उतरवण्याच्या समारंभात ब्लॅक वॉच पलटणीच्या एका जवानाचा किल्ट वाऱ्याने वर गेला आणि तो फोटो जगभर छापला गेला. शिवाय भाड्याचा किल्ट तुमच्या आधी कुणी कुणी नेसला असेल याचा विचार करा. विषय इथे संपला.

शंका : मी निफाड तालुक्यातला. पहाटे सोवळ्यात पूजा असते. मुकटा नेसतो. डिसेंबर-जानेवारीत हुडहुडी भरते. शिवलेलं काही आत घालता येत नाही. उपाय सांगा.

समाधान : निफाडची थंडी पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून कळायची नाही. पारा पाच अंशांच्याही खाली जातो, त्यात द्राक्षबागांतला दमट गारवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असण्याची शक्यता आहे: धाबळी. लोकरीचं, न शिवलेलं आणि सोवळ्याला चालणारं वस्त्र. मुकट्याचं रेशीम तलम आणि गुळगुळीत असतं, अंगाला लागताना गार लागतं आणि हवा फारशी धरून ठेवत नाही. लोकरीचा धागा मुळात कुरळा, त्यामुळे त्याच्या कुरळेपणात हवा अडकते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि ते बाष्प शोषताना थोडी उष्णताही सोडते. स्नानानंतर अंग पुरतं कोरडं झालेलं नसतं, तेव्हा हा गुण मोलाचा. धाबळी टोचते ही तक्रार खरी आहे. मऊ लोकरीची मिळाली तर पाहा.

नेसताना कासोटा घालाच. लुंगीसारखं नुसतं गुंडाळलं तर खालून वारा मोकळा फिरतो. कासोट्याने दोन पायांमधली वाट बंद होते. वर उपरण्याऐवजी लोकरीची शाल घ्या, तीही न शिवलेली. आणि ज्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात ते: तुमच्या देवघरात शहाबादी फरशी असेल तर निम्मी थंडी तीच लावते. दगड अंगाची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतो. पाटावर बसा आणि पाटावर जाड लोकरी आसन घाला. पूजेची भांडी आदल्या रात्री घासून ठेवता आली तर तेही करा. थंड पाण्यात हात बुडाले की नंतर कुठलीच धाबळी लवकर उपयोगी पडत नाही.

शंका : पहिल्या महायुद्धाच्या फोटोंत स्कॉटिश शिपाई किल्टमध्ये खंदकात दिसतात. एवढ्या हिवाळ्यात त्यांना चालत होतं, तर मग तक्रार कशाची?

समाधान : चालत नव्हतं. फोटोतली ऐट खरी, पण खंदकातला किल्ट हा मोठा ताप होता. १९१४-१५च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये आपल्या हिंदी सैन्याच्या मेरठ डिव्हिजनमध्येच सीफोर्थ हायलँडर्स आणि ब्लॅक वॉच यांच्या तुकड्या होत्या. गुरखे, जाट आणि डोगरा जवानांच्या शेजारच्या खंदकात हे किल्टवाले. चुण्यांत चिखल भरे आणि वस्त्राचं वजन अनेक पटींनी वाढे. ओला काठ गोठला की त्याला धार येई आणि चालताना गुडघ्यामागची कातडी कापली जाई. चुण्यांच्या घड्या उवांना फार मानवत. वरून खाकी कापडाचा पडदा बांधत, पण तो रंग लपवण्यापुरता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच लढाईच्या गणवेशातून किल्ट काढण्यात आला; १९४०मध्ये फ्रान्समध्ये कॅमेरॉन हायलँडर्सच्या एका तुकडीने तरीही तो शेवटपर्यंत सोडला नाही.

स्कॉटलंडमधले पूर्वीचे डोंगरी लोक या बाबतीत जास्त शहाणे होते. त्यांचं मूळ वस्त्र म्हणजे एक प्रचंड लांब लोकरी पट. खालचा अर्धा कमरेला बांधायचा, वरचा अर्धा पाऊसवाऱ्यात खांद्यावरून किंवा डोक्यावरून घ्यायचा, रात्री तोच पांघरायचा. अठराव्या शतकात वरचा भाग कापून आजचा आटोपशीर किल्ट रूढ झाला, तेव्हा निम्मी ऊबही कापली गेली. आणि घोड्यावर बसायचं असेल किंवा गारठा असेल तेव्हा तेच लोक ट्रूज, म्हणजे तंग लोकरी विजार, घालत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कोरड्या थंडीत किल्ट ठीक. चिखल आणि गोठणारं पाणी असेल तिथे विजार घाला.

शंका : मी म्युनिकला नोकरी करतो, मूळचा डोंबिवलीचा. मला स्कर्ट आवडतो आणि मी तो रोज घालतो, ऑफिसातही. समारंभ वगैरे काही नाही. बायकोची हरकत नाही, थंडीची आहे. उणे आठ-दहा अंशांत काय करावं? मायदेशातले उपदेश नकोत, कृपया.

समाधान : उपदेश नाहीत, माप घ्या. लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत हवी. गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट उघड्यावर हवा धरत नाही. घोट्यापर्यंतचा बर्फाचा चिखल उचलतो आणि सरकत्या जिन्यात अडकतो. घेर एवढाच ठेवा की बसची पायरी चढता येईल. उन्हाळ्यात आवडणारा मोठा घेर हिवाळ्यात शत्रू. कापड घट्ट विणीचं लोकरी किंवा जाड ट्वीड. डेनिम दिसतं दणकट, पण ते सुती. एकदा भिजलं की दिवसभर गार राहतं.

खरं काम स्कर्टच्या आतला थर करतो. उघडे पाय ही स्कर्टची अट नाही. अथेन्समधल्या एव्झोन पहारेकऱ्यांकडे पाहा: ४०० चुण्यांचा पांढरा झगा, पण पाय जाड पांढऱ्या लोकरी मोज्यांत वरपर्यंत बंद. भूतानमधले लोकही गुडघ्यापर्यंतच्या ‘घो’खाली उंच मोजे घालतात आणि थिंफूच्या हिवाळ्यात त्याच्या आत थर्मल चढवतात. तुम्ही मेरिनोच्या लेगिंग्ज घ्या, पुरुषांच्या कापाच्या. समोर जागा सोडलेल्या. बायकांच्या टाइट्स घ्यायच्या असतील तर एक माप मोठं घ्या, नाहीतर कंबर खाली सरकते आणि दिवसभर ओढत बसावं लागतं. पाकिटावरचा डेनिअरचा आकडा म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ४० डेनिअर दिसायला दाट, पण उणे आठमध्ये काही कामाचं नाही. १०० किंवा त्यापुढचं घ्या. आकड्यापेक्षाही लोकर आहे की नुसतं नायलॉन ते पाहा.

दुसरी अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण ती येत असणार: चालता चालता स्कर्ट पायांना चिकटतो, वर चढतो, हात लावला की चटका बसतो. हीटर लावलेल्या खोलीतली हवा कोरडी असते आणि नायलॉनवर लोकर घासली की वीज साचते. यावर अस्तर हाच उपाय. व्हिस्कोस किंवा क्युप्रोचं गुळगुळीत अस्तर लावून घ्या, पॉलिएस्टरचं नको. अस्तर स्कर्टपेक्षा दोन बोटं आखूड आणि खाली मोकळं सोडलेलं हवं. त्याने आणखी एक हवेचा थर मिळतो. हे शिंप्याला नीट समजावून सांगा. पुरुषाच्या कमरेला डार्ट कमी लागतात, म्हणून तयार स्कर्ट मागून फुगतो.

कोट स्कर्टपेक्षा लांब असला की वारा जवळजवळ हरला. बूट पोटरीपर्यंतचे घ्या, म्हणजे काठ आणि बूट यांच्यात फट उरत नाही. घरासाठी पुलोव्हरपेक्षा लोकरी ब्लँकेट बरं, बसताना मांडीवर घ्यायला. सायकलवर स्कर्ट थंडीत नकोच. मला तरी त्यावर समाधानकारक तोड दिसत नाही. ऑफिसात जाऊन बदलणं सोपं.

शंका : वडील पंच्याहत्तरीचे, मधुमेही. घरात बारा महिने लुंगीच नेसतात. हिवाळ्यात पाय गार पडतात म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतात. पँट घालायला ऐकत नाहीत.

समाधान : पँटचा आग्रह सोडा, पिशवीचा वापर मात्र ताबडतोब थांबवा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. पिशवी चटके देते आणि कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि तो महिनोन्‌महिने बरा होत नाही. लुंगीच्या आत सैल सुती-लोकरी पायजमा आणि वर सैल, शिवण टोचणार नाही असे लोकरी मोजे. मोज्याचं इलॅस्टिक घट्ट असेल तर वरून कापून टाका. पिशवी वापरायचीच असेल तर अंथरूण गरम करायला वापरा आणि वडील झोपण्यापूर्वी ती काढून ठेवा. पायांची बोटं लाल-निळी होत असतील, खाजत असतील किंवा एकच पाय दुसऱ्यापेक्षा जास्त गार लागत असेल, तर ते कपड्यांचं काम नाही. या आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवून घ्या आणि नाडी तपासायला सांगा.